आचार्य श्रीनागदेव : असन्निधानातील दुसरे वळण

आद्य आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांचे चरित्र पंथीय वाचकांना नव्याने सांगावयाचे कारण नाही. बालपणापासून श्रवणात आलेल्या अनेक प्रसंगांतून ते प्रत्येकाच्या परिचयाचे झालेले असते. तथापि या परिचयात एक उणीव राहून जाते. आचार्यांच्या आयुष्यातील पालट म्हटला की सर्वांना त्यांचे पूर्वजीवन आठवते : तारुण्यातील उच्छृंखलपणा, शस्त्रांची हौस आणि मग श्रीचक्रधरस्वामींच्या दर्शनाने झालेला वेध. हा पालट मोठा आहे यात संशय नाही. परंतु तो ईश्वराच्या सन्निधानी घडला. ज्याच्या जवळ सर्वज्ञ साक्षात् उभे आहेत, त्याचे मन पालटले यात कर्तृत्व सर्वज्ञांचेच. आचार्यांच्या आयुष्यातील दुसरे वळण सन्निधान सरल्यानंतरचे आहे. ते वळण त्यांना स्वतःच्या पायांनी घ्यावे लागले, आणि त्याचाच परिणाम पुढे सातशे वर्षे टिकला.

सन्निधान आणि असन्निधान ही आपल्या शास्त्रातील जोडी येथे नीट ध्यानात घेतली पाहिजे. ईश्वरावतार साक्षात् समोर असतो तेव्हा साधकाचा धर्म सोपा असतो. सेवा, आज्ञापालन आणि श्रवण यांत त्याचा दिवस जातो. अवतार दृष्टीआड झाला की साधकाला दुसरा धर्म लागू होतो. स्मरण, अटन, भिक्षा, विजन हा त्याचा आचार. त्यातही स्मरण प्रधान, आणि ते नाम, लीळा, चेष्टा व मूर्ती या चार प्रकारे करावयाचे. अर्थात् ज्याने मूर्ती पाहिली आणि लीळा अनुभवली, त्यालाच हे चतुर्विध स्मरण पूर्णपणे शक्य आहे. ज्याने काहीच पाहिले नाही त्याने काय करावे, हा प्रश्न सन्निधानातील मंडळींना पडण्याचे कारणच नव्हते. तो भटोबासांच्या पुढ्यात प्रथम आला.

हे सर्व घडले तो काळ यादव राज्याच्या वैभवाचा होता. मुंबईकडील उल्हास नदीच्या खोऱ्यात, शहाड-कल्याण परिसरात राहणाऱ्या वाचकाला तो काळ जवळच्या एका खुणेवरून मोजता येईल. अंबरनाथ येथे वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवालय उभे आहे. त्यावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ कोरलेला आहे. हे मंदिर उभारणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहार वंशाचा शेवट भटोबासांच्याच हयातीत झाला. इ.स. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेवराय यादवाने शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. हा राजा समुद्रात बुडाला असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ज्या वर्षांत सर्वज्ञ गोदातीरी अटन करीत होते, त्याच वर्षांत यादवांचे राज्य कोकणकिनाऱ्याला जाऊन भिडले होते. इ.स. १२७१ मध्ये महादेवरायाच्या मुलाला बाजूस सारून रामदेवराय गादीवर आला. राज्य वाढले, दरबार श्रीमंत झाला, हेमाद्रीने व्रतांचा आणि दानांचा अवाढव्य ग्रंथ सिद्ध केला. त्या काळच्या कोणाही शहाण्या माणसाला विचारले असते, तर मऱ्हाठी देशाचे भवितव्य देवगिरीच्या किल्ल्यात ठरते असेच त्याने सांगितले असते.

अशा काळात, परंपरेप्रमाणे शके ११५८ च्या सुमारास (इ.स. १२३६), श्रीनागदेवांचा जन्म झाला. आईचे नाव आबाइसा, बहीण उमाइसा. पुढे मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखली गेलेली महदाइसा हीही नात्याने त्यांची बहीणच. घर ब्राह्मणाचे, पण मुलगा पोथीत रमणारा नव्हता. हाती शस्त्र घ्यावे, मित्रमंडळात हिंडावे, कोणाचे ऐकू नये असा स्वभाव. घरातील स्त्रिया मात्र परमार्थाकडे वळलेल्या होत्या. रामदेव ऊर्फ दादोस यांच्या मंडळीत त्यांचे जाणे-येणे असे. दादोसांच्या ठिकाणी जे तेज दिसते त्याचा उगम श्रीचक्रधरस्वामी होत, हे कळताच ही मंडळी सर्वज्ञांकडे आली. आमच्या मते ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. भटोबासांना सर्वज्ञांपर्यंत नेणारी वाट घरातील स्त्रियांनी पाडलेली होती. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात ज्या म्हाताऱ्यांची बाजू घेऊन आचार्यांनी पंडितांना अडविले, त्यांच्याविषयीच्या आस्थेचे मूळ येथे शोधावे लागते.

सर्वज्ञांच्या दर्शनाने भटोबासांना वेध झाला व स्थिती झाली. वेध आणि स्थिती हे शब्द आज आपण सहज वापरतो. परंतु वेध म्हणजे केवळ आवड नव्हे. जीवाची ओढ दुसऱ्या सर्व विषयांवरून सुटून एका ठिकाणी जडणे म्हणजे वेध. तो झाला म्हणून मनुष्य लगेच साधक होतो असे मात्र नाही. बोध व्हावा लागतो, आणि बोधानंतर अनुसरण. भटोबासांच्या बाबतीतही दर्शन आणि अनुसरण यांमध्ये काळ गेला. ते आले, गेले, पुन्हा आले. घराचा पाश एका क्षणात तुटला असे चित्र रंगविणे सोयीचे असले, तरी ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ज्याचा पाश हळूहळू सुटला त्यालाच पाश म्हणजे काय हे ठाऊक असते. आचार्यपदावर आल्यानंतर नव्या माणसाच्या दुर्बलतेकडे त्यांनी जे धैर्याने पाहिले, ते या अनुभवामुळेच शक्य झाले असावे.

अनुसरणानंतरची वर्षे सर्वज्ञांच्या सन्निधानी गेली. गोदावरीच्या काठाने प्रतिष्ठान, डोमेग्राम, बेलापूर असे हे अटन. शस्त्र बाळगणाऱ्या माणसाला येथे मुंगीही दुखवू नये असा आचार शिकावा लागला. ब्राह्मणाच्या मुलाला चारही वर्णांच्या घरची भिक्षा मागून झोळीतील मिसळलेले अन्न नदीकाठी बसून खावे लागले. सर्वज्ञांनी निरूपण मराठीतून केले. त्यांचा जन्म गुर्जर देशातील. संस्कृत त्यांना अवगत होते. तरी पायांखालच्या देशाची भाषा त्यांनी स्वीकारली, आणि आपल्या अनुसरलेल्यांनी महाराष्ट्रातच असावे असा दंडक घालून दिला. शेतकरी, कोष्टी, गुराखी, नावाडी यांच्या व्यवहारातील दृष्टांत देऊन त्यांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ समजावून सांगितले. ऐकणाऱ्यांत पंडित होते आणि अक्षरशून्य स्त्रियाही होत्या. भटोबास या दोहोंच्या मध्ये बसलेले असत.

शके ११९६ (इ.स. १२७४) या वर्षी हे सन्निधान सरले. दरबारातील व कर्मठ मंडळींचा विरोध विकोपाला गेला; सर्वज्ञांना जो छळ सोसावा लागला त्याचे वर्णन येथे करण्याची आवश्यकता नाही. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. जाताना त्यांनी भटोबासांना आपल्यामागे येऊ दिले नाही. त्यांनी रिद्धपुरास जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहावे अशी आज्ञा झाली.

या आज्ञेचा अर्थ त्या वेळी भटोबासांना काय वाटला असेल? ज्याच्यासाठी घर सोडले, तोच सोडून चालला. आणि मागे ठेवले ते गोदातीरापासून दूर, वऱ्हाडातील एका गावी जाण्याचे काम. मंडळी विखुरली. काही घरी परतले. काहींना शोक आवरेना. भटोबासांचा शोक परंपरेने पुष्कळ वर्णिला आहे. अन्नपाण्याची शुद्ध नसणारा, सर्वज्ञांचे एकेक वागणे आठवीत बसणारा माणूस त्यातून दिसतो. तरी ते रिद्धपुरास गेले. त्यांच्यासह महदाइसा आणि इतरही काही मंडळी तेथे जमली. एवढी एकच गोष्ट पाहिली तरी पुढील पंथाचा इतिहास त्या पायी प्रवासावर उभा आहे असे म्हणावे लागते. भटोबास त्या वेळी अरण्यात निघून गेले असते, तर त्यांच्या वैराग्याला कोणी नावे ठेवली नसती. एकांतवास हा असन्निधानातील साधकाचा आचारच आहे. मात्र मग विखुरलेली मंडळी पुन्हा एकत्र येण्याला ठिकाण उरले नसते.

रिद्धपूर येथील बारा-तेरा वर्षे श्रीप्रभूंच्या सेवेत गेली. श्रीप्रभूंचे वागणे लौकिक दृष्टीला वेडेपणाचे वाटे. ते लहान मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरत, मातंगांच्या आणि महारांच्या वस्तीत जात. गावच्या लोकांना त्यांचा धाकही वाटे आणि त्यांच्यावाचून करमतही नसे. ते आईही होते आणि बापही होते. सर्वज्ञांसारखे निरूपण येथे नव्हते. प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळावे ही सोय संपली होती. भटोबासांसारख्या ज्ञानमार्गी शिष्याला ही सेवा किती कठीण गेली असेल याची कल्पना करता येते. महदाइसेने श्रीप्रभूंच्या विवाहाच्या कौतुकाच्या निमित्ताने धवळे रचले ते याच वास्तव्यातील. मराठीतील स्त्रीच्या काव्याचा आरंभ अशा रीतीने रिद्धपूरच्या अंगणात झाला.

याच रिद्धपुरात म्हाइंभट आले. म्हाइंभट सराळ्याचे, घरी संपत्ती, डोक्यात शास्त्रे आणि मनात त्या दोहोंचा अभिमान. ते भटोबासांकडे आले.  एवढे लक्षात घ्यावे की भटोबास हे त्यांच्या तोडीचे शास्त्री नव्हते. पोथ्यांच्या संख्येने मोजले असते तर म्हाइंभटांचेच पारडे जड ठरले असते. तरी अभिमान गळाला तो म्हाइंभटांचा. ते आपला मोठा संसार सोडून पंथात आले, आणि भटोबासांनी आपल्यापेक्षा विद्वान असलेल्या शिष्याला काही कमीपणा न मानता जवळ ठेवून घेतले.

पुढील प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे आणि पंथात तो सर्वांना ठाऊक आहे. भटोबास एकान्ती बसून काही तरी मनाशी घोळवीत असत. म्हाइंभटांनी हे पाहून एके दिवशी आपण कशाचे मनन करता असे विचारले. सर्वज्ञांच्या लीळा आठवीत आहे असे उत्तर मिळाले. तेव्हा म्हाइंभटांनी पुढचा प्रश्न केला, आणि तो प्रश्न साध्या शब्दांत असला तरी शास्त्राच्या गाभ्याला हात घालणारा होता. आपण सन्निधानात होता, म्हणून आपल्याला लीळा आठवतात. पण आपल्यामागून येणाऱ्यांनी काय आठवावे? त्यांना स्मरणाचे साधन कोठून मिळणार?

भटोबासांना हे पटले. परंतु पटले एवढे म्हणून पुढे जाणे बरोबर होणार नाही. या प्रश्नाने त्यांच्यापासून काय मागितले ते पाहिले पाहिजे. सर्वज्ञ गेल्यापासून स्मरण हीच त्यांची एकमेव ठेव होती. ती मौनात होती, तोवर सर्वस्वी त्यांची होती. आठवण मनात घोळविणे आणि ती दुसऱ्यासमोर उच्चारून, त्याच्या शंकांना तोंड देऊन, शब्दांत बसवून मोकळी करणे यांत फार अंतर आहे. शोक करणाऱ्या माणसाला विचारावे की त्या दिवशी नेमके काय झाले, कोण कोण होते, कोणत्या झाडाखाली बसला होता, आधी कोण बोलले. आणि त्याने ते सर्व पुन्हा पुन्हा सांगावे! भटोबासांनी हे मान्य केले. त्यांनी म्हाइंभटांना अनुज्ञा दिली आणि वाजेश्वरीच्या परिसरात बसून आपल्याला ठाऊक असलेल्या लीळा सांगितल्या. जे प्रसंग आपण पाहिले नव्हते, त्यांसाठी त्या वेळी हजर असलेल्या माणसांकडे जावे अशी दिशा दाखविली.

मग म्हाइंभटांनी जे केले ते जगाच्या कोणत्याही भाषेतील चरित्रकाराने अभ्यासावे असे आहे. सर्वज्ञांचा ज्यांना ज्यांना सहवास घडला, त्यांना ते गावोगाव जाऊन भेटले. ज्या त्या प्रसंगाविषयी त्या प्रसंगातील माणसालाच विचारावे असा त्यांचा नेम होता. ऐकलेले भटोबासांसमोर ठेवावे, त्यांनी ते पारखावे आणि मगच ते स्वीकारावे. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर एकाला खोटा ठरविण्याऐवजी दोन्ही पाठ ठेवावेत. आपल्या ग्रंथांत ज्याला वासना म्हणतात तो हाच पाठभेद. म्हाइंभट शास्त्री होते, अलंकार जाणणारे होते. आपल्या लेखनात त्यांनी अलंकार कोठेही येऊ दिला नाही. सर्वज्ञांच्या मुखातील बोल त्या माणसांना जसा आठवला तसा उतरला. शके १२०० च्या सुमारास (इ.स. १२७८) हा उपक्रम झाला असे सामान्यतः मानतात; काही अभ्यासक तो काळ आणखी काही वर्षे पुढे नेतात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ अशा प्रकारे सिद्ध झाला. त्या वेळी देवगिरीच्या दरबारात कोणाला याची वार्ताही नसेल.

शके १२०८ च्या सुमारास (इ.स. १२८६-८७) श्रीप्रभूंचेही सन्निधान सरले. आता पंथाला दुसरा आसरा नव्हता. सर्वज्ञांनंतर श्रीप्रभू होते. श्रीप्रभूंनंतर मागे वळून पाहावे असे कोणी उरले नाही. सर्व मंडळींच्या दृष्टी भटोबासांकडे लागल्या. त्यांनी आचार्यत्व स्वीकारले ते या परिस्थितीत. त्यांना ते भूषण वाटले असेल असे मानण्याला त्यांच्या चरित्रात आधार सापडत नाही. आपल्याला कोणी ओळखू नये, देशाच्या टोकाला जाऊन अनामिकपणे आयुष्य संपवावे, ही सर्वज्ञांची शिकवण त्यांनी इतरांना सांगावयाची आणि स्वतः मात्र सर्वांना सापडेल अशा ठिकाणी बसावयाचे! पंथाच्या आचार्यत्वातील हा ताण त्यांच्यापासून चालत आलेला आहे. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग व्यवहारातला होता. वर्षातील काही काळ अटन, काही काळ एकत्र वास. स्त्रियांनी आणि पुरुषांनी कसे राहावे, भिक्षेचा क्रम कसा असावा, यांविषयीचे नियम त्यांनी प्रसंगाप्रसंगाने ठरविले. श्रीप्रभूंच्या लीळांचेही संकलन म्हाइंभटांनी याच काळात केले. रिद्धपूर सोडून आचार्य निंब्यास आले आणि पंथाचे केंद्र पुन्हा गोदावरीकडे सरकले.

येथे येऊन मिळालेल्यांत केशिराजबास व पंडित दामोदर यांच्यासारखे नामांकित विद्वान होते. केशिराजबासांनी सर्वज्ञांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात एकशे चौदा दृष्टांत गुंफले. त्यांची लेखणी संस्कृतातही तितक्याच सहजतेने चाले, आणि रत्नमालास्तोत्र त्यांनी संस्कृतात रचले. ही आवड वाढत चालली तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात रचना झाल्याने आपल्या मंडळीतील म्हाताऱ्या वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे. पंडित दामोदरांनाही त्यांनी संस्कृतातील प्रश्नोत्तर बाजूस ठेवावयास लावले. सर्वज्ञांनी आपल्याला मराठीतून बोध केला, तेव्हा मराठीतूनच विचारावे असे बजावले.

हा प्रसंग अलीकडे मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. २०२४ मध्ये मराठी ही अभिजात भाषा म्हणून घोषित झाली आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, तेव्हाही आचार्यांचे नाव सर्वांच्या मुखी होते. ते योग्यच झाले. तरी शास्त्रदृष्टीने त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. आचार्यांना भाषेची थोरवी सिद्ध करावयाची नव्हती. लीळास्मरण हे साधन आहे, आणि साधन सर्वांच्या हाती असले पाहिजे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. जी म्हातारी संस्कृत जाणत नाही तिचे स्मरण खुंटले, तर तिचे साधन खुंटले. केशिराजबासांच्या विद्वत्तेसाठी तिची मुक्ती अडवून ठेवण्याचा अधिकार कोणाला नव्हता. केशिराजबासांनी हे ऐकले. एवढ्या मोठ्या पंडिताने आपल्या आवडीची भाषा आचार्यांच्या एका शब्दाखातर बाजूला ठेवली, ही गोष्टही लहान नाही.

कवी नरेंद्र आचार्यांकडे आले ते दरबाराच्या वाटेने. साळ, नरेंद्र आणि नृसिंह हे तिघे बंधू रामदेवरायाच्या आश्रयातील कवी. शके १२१४ (इ.स. १२९२) मध्ये नरेंद्रांनी रुक्मिणीस्वयंवर रचिले. राजाला ते इतके आवडले की त्याने सोने देऊ करून काव्य आपल्या नावावर मागितले. नरेंद्रांनी ते नाकारले. पोथी दरबारात राहिली. बंधूंना आठवत होता तेवढा भाग काय तो त्यांनी पुन्हा उतरविला, आणि नरेंद्र आचार्यांना शरण आले. ज्या देवगिरीत काव्याची किंमत होत होती तेथून काव्याचा कर्ता उठून एका भिक्षेकऱ्यांच्या मंडळीत येऊन बसला. निंब्याला त्याला देण्यासारखे आचार्यांपाशी काय होते, झोळीतील अन्नाशिवाय?

यानंतर चारच वर्षांनी, इ.स. १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी रिद्धपुरापासून फार दूर नसलेल्या अचलपुराच्या वाटेने देवगिरीवर चालून आला. रामदेवराय बेसावध सापडला, आणि अपार द्रव्य देऊन त्याने तह केला. महाराष्ट्राच्या इतिहासातील ही उलथापालथ आचार्यांनी वृद्धापकाळी पाहिली. राज्य अजून नावाला उभे होते. त्याचा पाया ढासळल्याचे सर्वांना दिसत होते. आचार्यांच्या नित्यक्रमात मात्र त्यामुळे काही बदल झालेला दिसत नाही. अटन, भिक्षा, प्रश्नांची उत्तरे, आणि सकाळ-संध्याकाळ एकान्तातील स्मरण. शके १२२४ (इ.स. १३०२) मध्ये त्यांचे प्रयाण झाले असे परंपरा मानते. त्यांच्यामागून बाइदेवबास आचार्य झाले.

पुढील पंधरा-सोळा वर्षांत देवगिरीचे सर्वस्व गेले. इ.स. १३०७ मध्ये मलिक काफूरने रामदेवरायाला दिल्लीस नेले. तो परत आला तो मांडलिक होऊन. त्याच्यानंतर काही वर्षांतच यादव राज्य पूर्णपणे बुडाले. या धावपळीत, ज्याला आपल्या परंपरेत खालशाची धाड म्हणतात त्या संकटात, म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रतही नष्ट झाली.

आचार्यांच्या त्या जुन्या निर्णयाची परीक्षा येथे झाली. ग्रंथ गेला, पण ग्रंथ लिहिण्यासाठी जे ऐकले-सांगितले होते ते गेले नव्हते. तो सर्वांना समजणाऱ्या भाषेत होता, म्हणून तो सर्वांच्या तोंडी बसला होता. तो केवळ पंडितांना कळणाऱ्या भाषेत असता, तर पाच-दहा पंडितांबरोबर संपला असता. असा प्रसंग किती वेळा येतो हे शहाडच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेले सुमारे एक लाख लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरविले गेले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याच छावणीच्या जागी उल्हासनगरची कोनशिला बसली. घरे, जमिनी, देवळे मागे राहिली. बरोबर आले ते आईकडून ऐकलेले आणि पाठ असलेले तेवढे. आपल्या पंथाच्या पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडील जयकृष्णी अनुयायांवरही त्याच वर्षी तोच प्रसंग ओढवला. पेशावरकडील त्यांची ठाणी तुटली. कृष्णनामाचा उच्चार तुटला नाही.

चौदाव्या शतकातील मंडळींनी काय केले, तर ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांना एकत्र बसविले. हिराइसा नावाच्या वृद्धेला संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत असल्याचे परंपरा सांगते. तिने म्हणावे, इतरांनी आपल्या आठवणीशी ताडून पाहावे, फरक पडेल तेथे वासना म्हणून नोंद करावी, अशा रीतीने लीळाचरित्राचा पाठ पुन्हा उभा राहिला. वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातून उतरल्यामुळे पुढे त्याच्या निरनिराळ्या पिढ्या झाल्या. आज आपण जो पाठ वाचतो तो त्या फेरमांडणीतून आलेला आहे. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी केशिराजबासांना अडविले, त्यांच्यापैकीच एकीने तो सांगितला.